राधिकानं मिरची कधी भरली?



मागच्या व्हिडिओत पानशेतचा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, त्या मसालावाल्या ताईंचं पुढे काय झालं?" म्हणून आज सगळं नीट लिहितोय. यात माझीही एक चूक आहे, तीही सांगून टाकतो.

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. झी मराठीवर रात्री ८ वाजता लागायची. २२ ऑगस्ट २०१६ ला सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. गुरुनाथ, त्याची बायको राधिका आणि त्याची प्रेयसी शनाया. राधिका नागपूरकडची, बोलायला मोकळी. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर ती रडत बसत नाही, घरातून मसाल्याचा उद्योग सुरू करते. पुढे काय होतं, तर तीच राधिका ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण होते! त्या ३०० कोटींवर त्या काळात मोबाईलवर किती विनोद फिरले हे तुम्हाला आठवत असेलच.

मला मात्र तेव्हा विनोद दिसला नव्हता, आयतं उदाहरण दिसलं होतं. महिला बचत गटांपुढे बोलायचं असेल तर मी सुरुवातच राधिकापासून करायचो. "राधिका करू शकते, तर तुम्ही का नाही?" टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्या की आपल्याला वाटतं, सत्र छान झालं.

फेब्रुवारी संपत आला होता. पानशेतला एका गटाने बोलावलं होतं. खडकवासला, डोणजे, खानापूर करत गेलात की पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर. वेल्हे तालुका, कागदोपत्री आता राजगड. शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रांग, आणि पावसाळ्यात तर विचारू नका. रस्त्याच्या कडेला कणीस, कांदाभजी, पिठलं-भाकरी. सोमवारी मात्र सगळं सामसूम. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस धंदा आणि पाच दिवस वाट बघणं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

देवळाच्या सभामंडपात बारा-तेरा जणी बसल्या होत्या. लाईट गेलेली, त्यामुळे माझा लॅपटॉप आणि त्यातल्या सुंदर सुंदर स्लाईड बॅगेतच राहिल्या. मी आपला नेहमीसारखा राधिकाला पुढे केला. टाळ्या नाही पडल्या. एक मावशी पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तिनं मिरची कवा भरली?"

मला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मसाल्याची मिरची फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये भरायची असते. नवी मिरची तेव्हा येते, उन्हं कडक असतात, वाळवण होतं. पाऊस लागला की वाळवायचं कुठे? म्हणजे वर्षभर जो मसाला विकायचा, त्याचा बहुतेक पैसा त्या दोन-अडीच महिन्यांत मार्केट यार्डात रोख मोजावा लागतो. बेडगी वेगळी, लवंगी वेगळी, धने, खोबरं, तीळ, दगडफूल वेगळं. "आमी रोज बघतो. राधिकाचा डबा भरलेला दिसतो, पाकिटं दिसत्यात, ऑर्डर आलेली दिसती. मिरचीचं पोतं आलेलं कवाच दिसलं न्हाय."

मंडळी, खेळतं भांडवल हा विषय मी दीड तासाच्या सत्रात शिकवतो. या बाईंनी तो एका मालिकेवरच्या भांडणात शिकवला. आणि भांडण मी म्हणतोय ते खरंच भांडण होतं, कारण त्यानंतर माझं सत्र संपलं आणि त्यांचं सुरू झालं.

दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, राधिकानं गुरुनाथला केव्हाच सोडून द्यायला हवं होतं, त्याला धडा शिकवायच्या नादात तिचं आयुष्य चाललंय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सोडून देणं सोपं असतं, समोर राहून मोठं होऊन दाखवणं अवघड, आणि तेच तिनं केलं. यात एक तरुण सून मध्येच म्हणाली, "जी बाई तीनशे कोटींची कंपनी चालवती, तिला शनायाच्या मागं फिरायला येळ कुठनं मिळतो?" सगळ्या हसल्या. पण शेजारची लगेच तिच्यावर उलटली. "आगं तू सकाळी गुरांचं करती, पोरांचे डबे करती, शनवार-रविवार भजी तळती. तुला कुठनं मिळतो? बाईला येळ मिळत नसतो, काढाय लागतो."

खरं सांगतो, यातलं कोण बरोबर होतं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग आकडा निघाला. मी म्हटलं, ३०० कोटी म्हणजे नक्की काय, याचा हिशोब करू. त्यांच्यापैकी एकीचा काळा मसाला ६०० रुपये किलोने जायचा. तोच भाव राधिकाला लावला. ३०० कोटी भागिले ६०० म्हणजे ५० लाख किलो. वर्षात ३०० दिवस काम धरलं, तर रोज साडेसोळा हजार किलोच्या वर मसाला. कांडप मशीन दिवसभर चाललं तर दोनशे किलो निघेल असं त्याच ताईंनी सांगितलं. म्हणजे ऐंशीच्या वर मशिनं! "आणि ती सगळी त्या सोसायटीच्या फ्लॅटमदी?" असा आवाज आला.

पण एक ताई, ज्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पर सर, तीनशे कोटींचा गल्ला असं कुठं म्हनत्यात? तीनशे कोटींची कंपनी म्हनत्यात." बघा हं. विक्री, नफा आणि कंपनीची किंमत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ३०० कोटींची विक्री असलेली कंपनी तोट्यात असू शकते. ३०० कोटी किंमत लावलेल्या कंपनीची विक्री तीस कोटी असू शकते. मालिकेत हे कुणी सांगत नाही. मोठमोठ्या स्टार्टअपच्या बातम्यांतही पुष्कळदा सांगत नाहीत, आणि आपण ऐकून भारावून जातो. मी भारावलो होतोच की.

मालिकेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. मालिका हाही धंदाच आहे आणि त्याचा हिशोब वेगळा आहे. रोजचा बावीस-तेवीस मिनिटांचा भाग, दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे, त्यावर जाहिरातीचा भाव. लेखकाला एवढंच बघायचं असतं की आज बघणारी बाई उद्या आठ वाजता परत आली पाहिजे. म्हणून शनिवारी धक्का, रविवारी महाएपिसोड. त्या गणितात मिरचीच्या पोत्याला जागा नाही, कारण पोतं बघायला कुणी परत येत नाही. आपल्या धंद्यात नेमकं तेच पोतं असतं. आणि हे त्या बायकांना आधीपासून माहीत होतं. मालिका मनापासून बघायच्या, राधिकासाठी डोळे पुसायच्या आणि तिच्या हिशोबावर विश्वास ठेवायच्या नाहीत. दोन्ही एकाच वेळी.

आता ज्यांच्यामुळे ही गोष्ट सांगतोय त्या ताईंकडे येतो. काळ्या मसाल्याचा भाव ज्यांनी सांगितला त्याच. रस्त्याला त्यांची पिठलं-भाकरीची टपरी. जेवायला आलेली माणसं विचारायची, आमटीत मसाला कुठला? मग त्यांनी पाव किलोची पाकिटं ठेवायला सुरुवात केली. आदल्या वर्षी १२० किलो मसाला गेला होता. सत्रानंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की मुद्रा योजनेतून चार लाखांचं कर्ज काढून स्वतःचं कांडप आणि पॅकिंग मशीन घ्यायचं ठरवलंय. फाईल जवळजवळ तयार होती.

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "घ्या ताई. मोठा विचार करा." हीच माझी चूक. वर इतका हिशोब ऐकूनही तोंडातून सवयीने तेच निघालं.

आमचं बोलणं त्या मिरचीवाल्या मावशींनी ऐकलं. वयानं सत्तरीला टेकलेल्या. आल्या आणि थेट म्हणाल्या, "बांध पुरा व्हायच्या आदी पानी साठवलं की काय होतं, ते आमाला नगं सांगूस."

पानशेतमध्ये हे वाक्य म्हण म्हणून बोलत नाहीत. आंबी नदीवरच्या या धरणाचं काम पुरं व्हायच्या आधीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं होतं. ११ जुलैच्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि पुणं बुडालं. मावशी तेव्हा परकरातली पोर होती. त्यांनी पुढे एक शब्द बोलला नाही. ताईंनी मात्र मला म्हटलं, "सर, बसा जरा. हप्त्याचं बघू."

पाच वर्षांची मुदत, ११ टक्के व्याज धरलं तर चार लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे ८७०० रुपये. त्यांना किलोमागे सुटत होते शंभर रुपये, तेही स्वतःची मजुरी न धरता. म्हणजे नुसता हप्ता भरायला महिन्याला ८७ किलो मसाला विकायचा. वर्षाला हजार किलोच्या वर. आदल्या वर्षीची विक्री १२०. आणि हप्ता काही शनिवार-रविवार बघून येत नाही, सोमवारचाही तोच असतो.

"आणि तुझी मजुरी?" मावशींनी विचारलं. "राधिका तरी सायेब हाये, पगार घेत आसंल. तू?"

ताईंनी फाईल पुढे नेली नाही. मुद्रातच 'शिशु' म्हणून ५० हजारांपर्यंतचा प्रकार आहे, तो घेतला. त्यातलं बहुतेक मिरचीत घातलं. उरलेल्यात चांगला वजनकाटा आणि पिशव्या चिकटवायचं छोटं मशीन. कांडप दुसऱ्याकडूनच करून घ्यायचं, किलोवर पैसे देऊन. आणि एक वही. वहीची कल्पना त्या तरुण सुनेची. ती म्हणाली, "टपरीवर आलेलं गिऱ्हाईक परत दिसत न्हाय. पाकीट घेणाऱ्याचा नंबर लिवून ठेव."

त्या रात्री घरी आल्यावर मी खरे आकडे शोधायला बसलो. राधिकाचा प्रवास मालिकेत साडेचार वर्षांत झाला. खऱ्या बायकांचा किती वर्षांत होतो? लिज्जत पापड घ्या. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला, वर पापड आणि खाली स्टोव्ह. मला तर वाटतं त्या खाटेवर एक अख्खी मालिका होईल. साठ वर्षांनी उलाढाल १६०० कोटींच्या घरात आणि सुमारे ४५ हजार बहिणी कामाला. आपल्या पुण्यात बघायचं तर १९६२ मध्ये, म्हणजे पानशेत फुटल्याच्या पुढच्याच वर्षी, हुकमीचंद चोरडियांनी मसाल्याचं काम सुरू केलं. त्यात कमलबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला होता. तेच आजचे प्रवीण मसालेवाले. दुसरी-तिसरी पिढी लागली तेव्हा 'सुहाना' घरोघर गेलं. ३०० कोटी खोटे नाहीत मित्रांनो. साडेचार वर्षं खोटी आहेत.

एक आडवळणाची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती मसाल्यालाही लागू पडते. २०१८ मध्ये या मालिकेतली शनाया बदलली. रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, आणि २०२० मध्ये रसिका परत आली. प्रेक्षकांत केवढा वाद! ही चांगली की ती चांगली, हिचा तोरा खरा की तिचा. पात्र तेच, कथा तीच, चेहरा बदलला तर माणसं महिनोन्महिने पटवून घेत नाहीत. ताईंना हा अनुभव दुसऱ्याच वर्षी आला. बेडगी महाग झाली म्हणून त्यांनी मिरचीचं प्रमाण थोडं बदललं. रंग तोच होता. पुण्याहून फोन आला, "मावशी, या वेळी वेगळ्या कुणी केलाय का?" ताई मला फोनवर म्हणाल्या, "सर, माझी शनाया बदलली." तेव्हापासून त्या भाव वाढवतात, पण प्रमाण बदलत नाहीत.

आता २०२०. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, आणि तीही नेमकी मिरचीच्या हंगामात. पानशेतच्या रस्त्यावर एक गाडी नाही, टपरी बंद. अर्धी मिरची कुटून झालेली, अर्धी पोत्यात. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती त्यांनी घेतली. त्यांचा हप्ता लहान होता, तरी झोप उडालीच. दहाएक किलो मसाला दमट होऊन टाकून द्यावा लागला, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. रस्ते उघडल्यावर त्यांनी वही काढली. दोनशेच्या आसपास नंबर होते. रोज दहा फोन. सिंहगड रोडच्या एका सोसायटीतल्या बाईंनी एकदम चौदा किलोची यादी करून दिली, नेऊन द्यायला गावातला दूधवाला तयार झाला. ते वर्ष फायद्यात गेलं नाही. पण कुणाचे पैसेही बुडले नाहीत, आणि त्या ८७०० च्या हप्त्याची आठवण आम्ही दोघांनीही काढली नाही.

तुमच्यापैकी जे अन्नप्रक्रियेत उतरताय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. २०२० मध्येच केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं, जास्तीत जास्त १० लाख. बचत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल वेगळं. लक्षात घ्या, मिरचीच्या पोत्याचा विचार सरकारी कागदात आलाय! पण अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका. आधी आपली वर्षाची विक्री किलोत लिहा, मग मशीन दिवसाला किती किलो काढतं ते बघा. आणि हप्ता किलोत मांडा, रुपयांत नको. "८७०० रुपये" ऐकून भीती वाटत नाही, "८७ किलो, दर महिन्याला" ऐकून वाटते.

गेल्या हंगामात पानशेतला जाऊन आलो. ताईंचा मसाला आता वर्षाला ४०० किलोच्या आसपास जातो. किलोमागे ४० रुपये मजुरी त्या बाजूला काढतात आणि ती खर्चातच धरतात. स्वतःचं कांडप अजून घेतलेलं नाही. विक्री ६०० किलोला पोचली की अर्ज करायचा, असं गटाने ठरवलंय. गटाने, हे विशेष. कर्ज ताईंचं, पण आकडा सगळ्यांनी मिळून ठरवला.

मी पोचलो तेव्हा सभामंडपात पुन्हा वाद रंगला होता. 'माझ्या नवऱ्याची बायको' कधीच संपली. मधे 'आई कुठे काय करते' येऊन गेली, अरुंधतीने अनिरुद्धला सोडलं ते बरोबर की चूक यावर दोन जणी आठवडाभर बोलत नव्हत्या म्हणे. आता कुठल्यातरी नव्या मालिकेत नायिकेने खाणावळ काढलीय आणि पहिल्याच दिवशी बाहेर रांग लागलीय. एक तट म्हणत होता, सासूनेच रांगेतली माणसं पाठवली असणार, पुढे डाव आहे. दुसरा म्हणत होता, नाही, पोरीच्या हाताला चवच आहे.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आता मालिका ऐकतात, बघत नाहीत. मला ओळखून म्हणाल्या, "बसा सर." मग त्या दोघींकडे वळल्या.

"गॅस घरचाच वापरती का धंद्याचा घेतलाय, ते दावलं का?"